संकेतस्थळाचे शीर्षचित्र : पडदा पाहून आकार



शाळांच्या संकेतस्थळांवर सर्वांत वर इमारतीचे किंवा स्नेहसंमेलनाचे भव्य छायाचित्र असते. पण परीक्षेचे वेळापत्रक पाहणारे अनेक पालक ते मोबाइलवर उघडतात. शोभेचा भार त्यांच्या डेटावर पडू नये, म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

१२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र सुमारे ४००० गुणिले ३००० बिंदूंचे असते. अशी फाइल ४ एमबीची धरू. २ एमबीपीएस वेगाने ती उतरायला १६ सेकंद लागतात. ५०० पालकांनी एकेकदा पान उघडले, तर जवळपास २ जीबी डेटा केवळ एका चित्रावर जातो.

मोबाइलवर चित्र लहान दिसते, म्हणजे फाइलही लहान होते, असा समज आढळतो. तसे नाही. ब्राउझर संपूर्ण फाइल उतरवून घेतो आणि मग ती आकसून दाखवतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हाच येथे उपाय. एकाच छायाचित्राच्या ८००, १२८० आणि १९२० बिंदू रुंदीच्या तीन प्रती कराव्यात. सीएसएसमध्ये सर्वांत लहान प्रत मूळ नियमात लिहावी, आणि मोठ्या प्रती 'मीडिया क्वेरी'च्या अटींत, म्हणजे पडदा अमुक रुंदीहून मोठा असेल तरच. ब्राउझर लागू पडणारी प्रतच मागवतो. २०१२ साली मान्यताप्राप्त मानक झालेली ही सोय आज सर्व प्रचलित ब्राउझरांत चालते. वेबपी स्वरूपात जतन केल्यास फाइल आणखी हलकी होते. मोबाइलची प्रत १५० केबीची झाली, तर त्याच वेगाने ती एका सेकंदाच्या आत येते.

आणखी दोन गोष्टी. उभ्या पडद्यावर रुंद चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणून मोबाइलसाठी मुलांचे चेहरे मध्यभागी येतील अशी वेगळी प्रत कापावी. आणि शाळेचे नाव चित्रात न रंगवता अक्षरांत लिहावे, म्हणजे चित्र येण्यापूर्वीच ते वाचता येते.

विद्यार्थी मित्रांनो, संगणक कक्षात ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील 'नेटवर्क' भाग उघडा. प्रत्येक चित्राचे वजन तेथे दिसते. आणि विश्वस्त मंडळास विनंती, की संकेतस्थळाचे काम देताना "दिसते कसे?" याबरोबरच "मोबाइलवर किती एमबी?" हेही अवश्य विचारावे.