चारशे किलोमीटरची सायकल आणि लोखंडाची बॅटरी

जुन्या जालन्यातल्या एका वाचकाने व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर पाठवला आहे. इलेक्ट्रिक सायकल, किंमत तीस हजारांच्या आत, एका चार्जिंगमध्ये ४०० किलोमीटर. खाली त्यांचा प्रश्न: 'ऑनलाइनच्या मोठ्या दुकानांत याच किमतीच्या सायकली तीस-चाळीस किलोमीटर सांगतात. मग खोटं कोण बोलतंय?'

मेसेज खोटं बोलतोय. चारशे किलोमीटर म्हणजे जालन्याहून थेट मुंबई. (तीही समृद्धीने नाही, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही.) पण नुसतं खोटं म्हणून सोडून देऊ नये, कारण हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसतो आणि एकदा मांडला की पुढची प्रत्येक जाहिरात वाचायला कामी येतो.

माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा, वेग ताशी २५ किलोमीटर. टायर रस्त्यावर फिरवत ठेवायला साधारण १० न्यूटन बल लागतं, समोरची हवा ढकलायला १७. या २७ न्यूटनने एक किलोमीटर जायचं म्हणजे २७ हजार ज्यूल, म्हणजेच साडेसात वॅट-अवर. मोटर आणि कंट्रोलर तापण्यात थोडी ऊर्जा घालवतात, चौकाचौकात ब्रेक दाबून पुन्हा वेग घेण्यात आणखी थोडी जाते. तेव्हा किलोमीटरला दहा वॅट-अवर हा सोयीचा आणि बऱ्यापैकी खरा आकडा. आता बॅटरीकडे या. या किमतीत साधारण ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी मिळते. दोन्हींचा गुणाकार २८० वॅट-अवर. पायडल न मारता २८ किलोमीटर, विषय संपला. पायडल मारत राहिलात तर धडधाकट माणूस पाऊणशे-शंभर वॅट सहज देतो, निम्मं काम पाय करतात आणि पल्ला पन्नासच्या घरात जातो. कंपन्या ठळक छापतात तो आकडा बहुधा असा पायडलसह, हलक्या स्वाराचा आणि सपाट रस्त्याचा असतो.

चारशे किलोमीटरला चार हजार वॅट-अवर लागतील. म्हणजे वीस-पंचवीस किलोची नुसती बॅटरी. अशा सायकलींसोबत येणारा ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर ८४ वॅट देतो. तो ही बॅटरी भरायला अठ्ठेचाळीस तास घेईल. असा दावा दिसला की मी आधी चार्जर किती वॅटचा ते विचारतो. जाहिरात लिहिणारे पल्ल्याचा आकडा फुगवतात, चार्जरचा फुगवायला विसरतात.

पासिंगचंही थोडक्यात. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असलेल्या, मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेल्या गाडीला पासिंग लागत नाही, लायसन्स लागत नाही. एमएच-२१ ची पाटी नाही. काही विक्रेते 'वेग वाढवून देतो' म्हणतात. राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. कायदा बाजूला ठेवला तरी हवेचा हिशेब सुटत नाही: तिच्याशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते. पंचवीसचे पंचेचाळीस केले की जवळपास सहापट.

जालन्याच्या ग्राहकाने खरी काळजी करावी ती मे महिन्याची. इथे सावलीत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, आणि लिथियम-आयन सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी शून्य ते ४५ अंश ही मर्यादा सर्रास असते. दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलीची काळी बॅटरी ही मर्यादा केव्हाच ओलांडते. घरी येताक्षणी पिन खोचली तर सेल त्या दिवशी काही म्हणणार नाही, पण लवकर म्हातारा होईल. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या नको त्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. तासभर सावलीत निववून मग चार्ज करावं.

नुसत्या उन्हाने बॅटरी पेटत नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर आणि नाशिकजवळ कंटेनरमधल्या स्कूटर पेटल्या, तेव्हा सगळं खापर उन्हाळ्यावर फुटलं. पण सुरुवात व्हायला बहुधा सदोष सेल किंवा शॉर्टसर्किट लागतं. एकदा सेलच्या आतलं तापमान दीडशे-दोनशे अंशांवर गेलं, की त्यातलं निकेल-कोबाल्टचं ऑक्साइड स्वतःमधला ऑक्सिजन सोडू लागतं. जळायचं साहित्य आणि जाळणारा वायू एकाच डबीत, म्हणून वरून हवा तोडून ही आग दबत नाही.

असा ऑक्सिजन सहजी न सोडणारं रसायन आहे, आणि ते सापडल्याची गोष्ट मला फार आवडते. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत नव्वदीच्या दशकात अक्षय पाढी नावाचा भारतीय संशोधक फॉस्फेटची संयुगं करून पाहत होता. त्याला स्पिनेल नावाची स्फटिकरचना हवी होती. गुडइनफ म्हणाले, ती मिळणार नाही, आणि सुट्टीवर गेले. परतल्यावर पाढींनी सांगितलं की स्पिनेल खरंच जमलं नाही, पण लोह घेतल्यावर ऑलिव्हिन ही दुसरीच रचना तयार झाली आणि तिच्यातून लिथियम आत-बाहेर करता येतं. १९९७ मधल्या त्या शोधनिबंधावर तीन नावं आहेत: पाढी, नंजुंडस्वामी, गुडइनफ. पहिली दोन भारतीय. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की सेल तापला तरी सहजासहजी सुटत नाही.

अडचण वेगळीच निघाली. ऑलिव्हिनमध्ये लिथियमला चालायला एकाच दिशेच्या वाटा असतात. जुन्या जालन्यातल्या एखाद्या अरुंद बोळात हातगाडी अडकली की मागची रांग जागच्या जागी थांबते, बाजूने निघायला गल्लीच नसते. स्फटिकात एखादा लोहाचा अणू वाटेत बसला की लिथियमचंही तेच होतं. त्यात हा पदार्थ विजेचा अगदी वाईट वाहक. मग संशोधकांनी बोळच आखूड केले: कण इतके बारीक की अडलेल्या वाटेचा तोटा थोडक्यात आटोपावा, आणि प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ लेप. ज्याला सुरुवातीला संथ म्हणून नाकं मुरडली गेली, ते लोह-फॉस्फेट आज बसमध्ये आणि मोटारींमध्ये आहे.

गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, इतर दोघांसोबत नोबेल मिळालं, तेही कोबाल्ट ऑक्साइडच्या कामासाठी. त्यांच्या वतीने स्टॉकहोममध्ये व्याख्यान दिलं ते अरुमुगम मंथिराम या तमिळनाडूत जन्मलेल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने. गंधक किंवा मॉलिब्डेनमसारखे अणू ऑक्सिजनशी बांधून ठेवले की लोखंडाचा व्होल्टेज वाढतो, हे मंथिराम आणि गुडइनफ यांनी ऐंशीच्या दशकातच दाखवलं होतं. पाढींचं काम त्याच रस्त्यावरचं. पाढी आणि नंजुंडस्वामी ही नावं मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधूनही सापडायची नाहीत. आणि कच्चा माल कुठला, तर लोखंड आणि फॉस्फेट. सळयांच्या कारखान्यांच्या आणि डीएपीच्या गोण्यांच्या या गावाला दोन्ही शब्द परके नाहीत.

मग सगळ्याच स्वस्त सायकलींत लोह-फॉस्फेट का नाही? वजन. त्याच्या सेलचा व्होल्टेज ३.२, निकेल-कोबाल्टवाल्याचा ३.६, तेवढ्याच ऊर्जेला बॅटरी बरीच जड होते, आणि सायकलवाल्याला किलोकिलोचा हिशेब असतो. ऑनलाइन पानावर रसायनाचा उल्लेख बहुधा नुसता 'लिथियम-आयन' एवढाच असतो.

ते ओळखायला चार्जरचा फोटो मोठा करून पाहा. त्यावर बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं. ३६ व्होल्टच्या बॅटरीच्या चार्जरवर ४२ असेल तर आत निकेल-कोबाल्टचे दहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत, प्रत्येकी ४.२ व्होल्ट. ४३.८ असेल तर लोह-फॉस्फेटचे बारा, प्रत्येकी ३.६५. आणि पिन बसते म्हणून शेजाऱ्याचा ४३.८ वाला चार्जर ४२ च्या बॅटरीला लावू नका. प्रत्येक सेलवर जवळपास ०.२ व्होल्ट जास्त चढेल, आणि ते अडवायला आतल्या छोट्याशा संरक्षक सर्किटशिवाय दुसरं काही नसेल.