वर्ष बायकांच्या आत्मकथनांचे

गेल्या दिवाळीत मनाशी ठरवले, की वर्षभर नवी पुस्तके फारशी घ्यायची नाहीत. मराठी स्त्रियांची आत्मचरित्रे ओळीने वाचायची. यांतली बरीचशी पूर्वी वाचलेली होती, पण सुटी सुटी, कुणी हातात ठेवले म्हणून किंवा शाळेच्या पुस्तकातल्या उताऱ्यापुरती. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणीं’पासून ऊर्मिला पवारांच्या २००३ सालच्या ‘आयदान’पर्यंत एका दमात आले, तेव्हा सुट्या वाचनात निसटलेले एक सूत्र हाती लागले. संसार, सासुरवास, बाळंतपणे, मरणे हे सगळे या पुस्तकांत आहेच. पण जवळजवळ प्रत्येकीच्या पोटात आणखी एक कथा आहे. या बाईच्या हाती लेखणी कशी आली आणि घरात तिने त्याची काय किंमत मोजली, याची ती कथा. यंदा मी प्रत्येक पुस्तकात तीच शोधत गेले.

रमाबाईंचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून हे लग्न केले, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. पुस्तकात तिचा पुढचा भाग आहे. नवरा बायकोला लगेच शिकवायला बसतो, आणि त्या शिकवणीचा जाच मात्र तिला माजघरात सोसावा लागतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला टोचून बोलतात, तिच्याशी अबोला धरतात. बाहेर सुधारकांचा अग्रणी असलेला नवरा घरात तिला सोसायला सांगतो. स्वतः त्या बायकांना काही बोलत नाही. रमाबाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पतीविषयीची भक्ती पानोपानी आहे, आणि पुस्तकाला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. तरीही जाच जसा झाला तसा त्यांनी नोंदवून ठेवला. सामाजिक सुधारणेचा इतिहास सभा आणि ठराव यांतून वाचणाऱ्या प्रत्येकाने ही पाने वाचायला हवीत. सुधारणेचा खर्च घरात कोणाच्या नावावर पडत होता, हे तिथे कळते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मी सर्वांत जास्त रेंगाळले. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने निघाले. लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारीत वारल्या. शाळेतल्या धड्यांमुळे आपल्या मनात लक्ष्मीबाईंची एक ठरलेली मूर्ती बसली आहे: विसराळू, लहरी कवीची हजरजबाबी, भोळी बायको. पूर्ण पुस्तक हातात घेतले की ती मूर्ती टिकत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच फाशी आहे. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फासावर चढवले, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. वाण्याकडून आलेले मीठसुद्धा त्या घरात धुऊन घेत. वाचताना हसू येते आणि त्याच वेळी कळते, की घाबरलेल्या माणसाने सगळ्या घराला वेठीला धरले आहे. लक्ष्मीबाई यावर भाष्य करत नाहीत. मीठ धुतले जाते एवढे सांगून त्या पुढे सरकतात, आणि याच संयमामुळे मी त्यांना मराठी गद्यातल्या पहिल्या रांगेत बसवते.

त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो भाग तर दोनदा वाचला. नवरा जिवंत आहे, पत्रे येतात, आणि तरी संसार मोडला आहे. बहिणीच्या आधाराने काढलेली ती वर्षे त्यांनी इतक्या मोकळेपणाने लिहिली आहेत, की त्या काळातल्या दुसऱ्या कोणाच्या लेखनात तसा मोकळेपणा मला दिसला नाही. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्याआधी जातिभेद हा माणसाचाच उद्योग आहे, या निर्णयाला त्या आपल्या विचाराने पोचल्या. टिळकांच्या पाठोपाठ फरफटत गेलेली बाई असे जे सर्रास बोलले जाते, त्याला पुस्तकात आधार नाही. शिक्षणही असेच, टिळकांच्या लहरीप्रमाणे कधी सुरू, कधी बंद. टिळकांच्या हातून ‘ख्रिस्तायना’चे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते, पुढचे चौसष्ट लिहून ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या एका गोष्टीवरून त्यांचा आवाका कळावा.

बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ आणि त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ लागोपाठ वाचली. बाया म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांनी हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी घर कसे रिकामे केले, हे बाया रोखठोक सांगतात. पार्वतीबाईंचे पुस्तक वाङ्मय म्हणून साधेच, काही ठिकाणी नुसता संस्थेचा वृत्तांत. पण इंग्रजीचे पुरते ज्ञान नसताना हिंगण्याच्या आश्रमासाठी ही विधवा पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेला जाते आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहते. ती पाने वाचताना मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही.

अभिनेत्री हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ एका बैठकीत संपते. अरुण साधूंनी शब्दांकन केलेले हे कथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्याला शीर्षक मिळाले अनंत माने यांच्या १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटाचे, आणि पुढे श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ साली ‘भूमिका’ केला. चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे. मधले दुवे गाळत, धाप लागल्यासारखे बोलणारा तो आवाज पडद्यावर येत नाही. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’बद्दल १९९० साली एवढे बोलले गेले, की आता नव्याने काही सांगण्यासारखे थोडे आहे. इतकेच म्हणते, की पती पु. ल. देशपांडे यांच्याविषयीचा मजकूर शोधत हे पुस्तक वाचू नये. बाई स्वतःची जी उलटतपासणी घेतात, तिच्यासाठी वाचावे.

आणि मग बेबी कांबळे. फलटणच्या दलित वस्तीत त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत, आणि लिहिलेले नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवून ठेवत. अशी वीसेक वर्षे गेली. फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते लिखाण बाहेर काढायला लावले, ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. त्यात आषाढातले पोतराज आहेत, उपासमारीत खाल्लेली निवडुंगाची बोंडे आहेत, खायला अन्न नसलेल्या घरातले बाळंतपण आहे. पळून गेलेल्या सुनेला परत आणून तिच्या पायात लाकडी खोडा घालतात, ते पानही आहे. घरातल्या पोरीला जनावरासारखे अडकवले जाते आणि अडकवणारे हात तिच्याच माणसांचे असतात, हे बेबीताई आपल्या लोकांवरच्या अपार मायेने आणि कसलीही सूट न देता लिहितात. सवर्णांवर त्या थेट तोफ डागतात, तसेच आपल्या लोकांतल्या सासवांना आणि नवऱ्यांनाही धारेवर धरतात.

स्वतःला झालेली मारहाण मात्र पुस्तकात जवळजवळ नाही. पुढे माया पंडित यांनी इंग्रजी अनुवादासाठी घेतलेल्या मुलाखतीत त्यांनी ती सांगितली. जागा थोडी होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या दुःखापेक्षा वस्तीच्या दुःखाला दिली. आत्मचरित्र म्हणजे ‘मी’ची गोष्ट, ही आपली समजूत या पुस्तकापाशी अपुरी पडते. शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ त्याच वर्षीची. शिक्षिकेची नोकरी मिळवणाऱ्या या बाईच्या कथेवर मुंबई दूरदर्शनने ‘नाजुका’ ही मालिका केली होती. रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर उतरून जाणाऱ्या बायकांचे जे चित्र ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’च्या सुरुवातीला आहे, ते वर्षभराच्या वाचनातल्या माझ्या सर्वांत आवडत्या पानांपैकी आहे.

रमाबाईंच्या हाती पाटी नवऱ्याने दिली, लक्ष्मीबाईंना आठवणी लिहायला मुलाने बसवले. बेबीताईंना घरातल्या कोणी काही दिले नाही. रद्दीचा कागद होता, तो त्यांनी घेतला. स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर लिहिताना आपण अजूनही दोन स्वतंत्र लेख लिहितो, एक सुधारकांच्या घरातल्या बायकांवर आणि एक दलित स्त्रियांवर. ही वाटणी मला आता मान्य नाही. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘जिणं आमुचं’ यांची अभ्यासक्रमात, चर्चेत आणि कपाटात एकच जागा असायला हवी.

वाचकांना विनंती एवढीच, की ‘स्मृतिचित्रे’ वाचाल तर पूर्ण आवृत्ती वाचा, आणि त्याच महिन्यात ‘जिणं आमुचं’ घ्या. तुमच्या गावच्या वाचनालयात ते नसेल, तर ग्रंथपालांना मागवायला सांगा.