मुकीची हाक

मराठी शिकविणे हा माझा पोटाचा धंदा. त्यामुळे ‘भाषेवाचून माणसांचे काही अडत नाही’ असे कोणी म्हणाले की माझे कान टवकारतात. ते खरे ठरले तर आमचे पगार बंद व्हायचे! पण गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाचे शिबिर सेमाडोहला भरले, आणि या म्हणण्याच्या दोन्ही बाजू मला लागोपाठ पाहायला मिळाल्या.

सेमाडोह मेळघाटात, परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी. भोवतालचा मुलूख कोरकूंचा. त्यांची भाषा मुंडा कुळातली, संताळी-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही.

शिबिरात मुलांनी ब्रेख्टच्या ‘मदर करेज’मधला एक प्रवेश बसविला होता. हे नाटक त्याने १९३९ साली परागंदा असताना लिहिले. महायुद्ध पेटलेले असतानाच, १९४१ साली, झुरिकला त्याचा पहिला प्रयोग झाला. गोष्ट सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाची. हाले शहर झोपेत आहे आणि शत्रूचे सैनिक अंधारातून येऊन ठेपले आहेत. शहरात लहान मुले आहेत, हे कानी पडताच मुकी कात्रिन छपरावर चढते, शिडी वर ओढून घेते आणि ढोल बडवू लागते. सैनिक तिला गोळी घालतात. पण तोवर शहर जागे झालेले असते. ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही, अशांना त्या मुकीने घातलेली ही हाक!

सैनिकांचे संवाद मराठीत होते. समोर बसलेल्या कोरकू म्हाताऱ्यांना त्यात गोडी वाटेना. त्यांच्या आपापसांत गप्पा चालल्या होत्या. ढोल वाजू लागला आणि सारे चिडीचूप झाले. गोळी सुटली तेव्हा पुढच्याच एका आजीने मांडीवरचे नातवंड छातीशी घट्ट धरले. मी मनात म्हटले, ‘चला, मास्तर, बुडाला तुमचा धंदा!’

तो बुडालेला नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळले. तिकडच्या एका दवाखान्यात एक बाई तापाने फणफणलेले तान्हे मूल घेऊन आली होती. “ताप कधीपासून आहे? अंगावर पितो का?” नर्सबाई कळवळून विचारीत होत्या. बाई नुसती मान हलवी; ती ‘हो’ म्हणून की ‘नाही’ म्हणून, कोणालाच कळेना. अखेर चौथीतल्या एका मुलाला दुभाषा म्हणून बोलावले, तेव्हा उलगडा झाला. मूल आदल्या दिवसापासून अंगावर पीतच नव्हते! मायेला शब्द लागत नाहीत. औषधाच्या मात्रेला लागतात.

युद्धकाळातलीच, पण रंगभूमीबाहेरची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडली आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली ही मंडळी. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. भाषा, अन्न, रीतिरिवाज, काहीच जुळत नव्हते. पण बाजारातली माणसे कामापुरती पोलिश बोलू लागली आणि पोलिश मुलांच्या तोंडी मराठी शब्द आले. खुणा ही केवळ ओसरी. तिथून दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या घरात शिरली.

मेळघाटात मात्र सारी शिकवणी एकाच बाजूला. कोरकू पोराने पहिलीत मराठी शिकायची, आईने दवाखान्यात मराठीत सांगायचे. आणि आपण तिथून परतल्यावर म्हणायचे, ‘त्यांना मराठी धड येत नाही हो!’ आपल्याला कोरकू किती येते, हे विचारतो कोण?

कोरकूत ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय. ‘कोरकू’ म्हणजे ‘माणसे’, एवढाच त्या नावाचा अर्थ. यंदाच्या सुट्टीत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे चिखलदऱ्याला जातील. स्वेटर, थर्मास, फराळाचा डबा घ्यालच. सोबत एक कोरी वहीही घ्या आणि तिथल्या माणसांना विचारून दहा वाक्ये त्यांच्या भाषेतली उतरवून आणा. पहिले वाक्य ‘बाळ कसे आहे?’ हे असू द्या.