विकिपीडियाची चावडी कोण चालवतं?

विकिपीडियाच्या कारभाराची चर्चा ज्या पानावर चालते, त्याला मराठीत ‘चावडी’ म्हणतात. हिंदीत तेच पान ‘चौपाल’, गुजरातीत ‘चोतरो’, फ्रेंचमध्ये ‘बिस्त्रो’, तर इटालियनमध्ये चक्क ‘बार’. जो तो आपल्या गावची बैठक सोबत घेऊन आला आहे. कारभाराचंही तसंच आहे, पण आपल्या मनात त्याबद्दल भलत्याच समजुती असतात.

गैरसमज : अमेरिकेतली कंपनी नियम करते, बाकीच्यांनी ते पाळायचे.
विकिपीडियामागे असलेली विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे. सर्व्हर आणि कायद्याच्या बाबी ती सांभाळते, वर्तनसंहितेसारखे मोजके नियमही घालून देते. पण कोणता लेख ठेवायचा, कोणता वगळायचा आणि प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेला संपादक, कोणाला करायचं, हे त्या त्या भाषेतले बिनपगारी संपादक ठरवतात. २०१४मध्ये फाउंडेशनने जर्मन विकिपीडियाच्या प्रचालकांनाही बदलता येणार नाही असं एका पानाला कुलूप लावलं. संपादक खवळले, आणि पुढच्या वर्षी ती कुलपाची सोयच काढून टाकावी लागली.

गैरसमज : नियम सगळीकडे सारखेच.
जर्मन विकिपीडियावर २००८पासून नवख्याचा बदल अनुभवी संपादकाने तपासल्यावरच सर्वसाधारण वाचकाला दिसतो. पोर्तुगीज संपादकांनी २०२०मध्ये खातं नसलेल्यांना लेख बदलण्याची मनाई केली. दोन्ही निर्णय तिथल्या माणसांचे.

गैरसमज : ज्याच्या बाजूला जास्त मतं, तो जिंकला.
मराठीत कौल घेतात, पण मूळ अपेक्षा सहमतीची आहे. डोकी मोजण्यापेक्षा युक्तिवाद आणि संदर्भ तोलायचे असतात.

गैरसमज : सगळ्यांना खुलं आहे, म्हणजे चुका आपोआप सुधारतात.
हा सगळ्यात घातक. क्रोएशियन विकिपीडियाही खुलाच होता. तरी कट्टर राष्ट्रवादी विचारांच्या मूठभर प्रचालकांनी तो वर्षानुवर्षं ताब्यात ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले गेले, हरकत घेणाऱ्यांना बाहेर काढलं गेलं. विद्यार्थ्यांनी हा ज्ञानकोश वापरू नये, असं २०१३मध्ये खुद्द तिथल्या शिक्षणमंत्र्यांना सांगावं लागलं. हा पगडा सुटायला पुढे बरीच वर्षं गेली. फाउंडेशनने करवून घेतलेला अहवाल २०२१मध्ये आला, त्यात हे सारं नोंदलेलं आहे. नियम कागदावर होतेच. ते लावणारे हात मात्र थोडे होते आणि सगळे एकाच मताचे. माझ्या मते छोट्या भाषांना खरा धोका इथेच आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तुम्ही तो वाचत असाल, तर एकदा त्याची चावडी उघडा, चाललेली चर्चा वाचा आणि पटलं नाही तिथे संदर्भ देऊन आपलं म्हणणं मांडा. त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.