गोळाभातासोबत सोआवे
सोआवे ही इटलीतल्या वेरोनाच्या पूर्वेकडील टेकड्यांवरची पांढरी वाइन. तीत गार्गानेगा जातीची द्राक्षं किमान 70 टक्के लागतात. चव कोरडी, शेवटी बदामासारखी किंचित कडवट. तिकडे ती मासे, रिसोटोसोबत घेतात. नागपुरात तिची खरी जोडी गोळाभाताशी: वाफवलेले बेसनाचे गोळे, मोकळा भात, वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. तेलाचा जडपणा वाइनच्या आंबटपणाने हलका होतो. पाटवडीही चालेल, पण रश्शाविना. सावजी मटणापासून मात्र ती लांबच ठेवा. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. संत्रा बर्फीच्या गोडव्यापुढे ती नुसती आंबट लागते. बाटली 8 ते 10 अंशांपर्यंत गार करा आणि मे महिन्यात पेल्यात थोडी थोडीच ओता. सोआवे नाहीच मिळाली, तर नाशिकची सोव्हिन्याँ ब्लाँ घ्या. तिथल्याच सुला या वाइन कंपनीने ती 2000 साली बाजारात आणली.