बेवारस पत्त्यांचा रकाना

इ. स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात राष्ट्रकूट कर्कराज सुवर्णवर्षाने वटपद्रक हे गाव एका ब्राह्मणास दान देताना जी चतुःसीमा बांधून दिली, तीत पश्चिमेस अंकोट्टक येते. हेच आजचे विश्वामित्रीपलीकडचे अकोटा. आजच्या सिटी सर्व्हेच्या दफ्तरात अंकोट्टक शोधू जाणाऱ्यास तो पत्ता खोटा वाटेल; परंतु पत्ता खोटा नसून दफ्तर बदललेले असते. संगणकातील प्रोफायलर या साधनापुढे हाच पेच पदोपदी उभा राहतो.

प्रोग्रामचा वेळ कोठे खर्ची पडतो हे पाहण्यासाठी प्रोफायलर त्यास सेकंदाला, समजा, ९९ वेळा अडवतो (शंभर वेळा अडवल्यास प्रोग्रामच्याच एखाद्या नियतकालिक कामाशी ताल जुळून हिशेब चुकण्याची धास्ती!) आणि चालू फंक्शन कोणाच्या हुकमाने चालले आहे, त्याला हुकूम कोणी दिला, अशी परतीच्या पत्त्यांची साखळी स्टॅक या स्मृतीभागावरून मागे मागे वाचत जातो. या साखळीचा दुवा ज्या रजिस्टरात असतो, ते कंपायलर पुष्कळदा काटकसरीने दुसऱ्याच कामास लावतो. मग प्रोफायलरच्या हाती षोडशमान पद्धतीतले '४१४१४१४१' असे काहीतरी लागते, आणि बारकाईने पाहता तो पत्ता नसून स्मृतीत पडलेल्या इंग्रजी मजकुरातील चार 'ए' अक्षरे निघतात. म्हणून दुवा स्टॅकच्या हद्दीत आहे काय, परतीचा पत्ता कार्यवाहीयोग्य कोडच्या मुलखात पडतो काय, याची खातरजमा प्रत्येक पायरीस करावी लागते.

याहून फसवी जात खऱ्या, पण दाखला हरवलेल्या पत्त्यांची. जावासारख्या भाषांत यंत्रसंकेत चालता चालता तयार होतो व पुढे टाकूनही दिला जातो. सुरक्षिततेस्तव लायब्रऱ्याही प्रत्येक खेपेस निराळ्या जागी उतरवल्या जातात. तेव्हा स्मृतीचा कोणता प्रदेश कोणत्या वेळी कोणाच्या नावे होता, याची फेरफार-नोंद ठेवल्यावाचून नाव सांगता येत नाही.

नाव न लागलेला नमुना (म्हणजे एका अडवणुकीची नोंद) फेकून देणे मला गैर वाटते, कारण त्याचा वेळ हिशेबातून उडून इतरांचे टक्के फुगतात; जवळच्या फंक्शनचे नाव चिकटवणे तर निरपराध्यावर आळ घेण्यासारखेच. लिनक्सवरील 'पर्फ' हा प्रोफायलर अशा जागी सरळ 'अननोन' लिहितो, हेच प्रामाणिकपणाचे. २०२३ साली फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या ३८ व्या आवृत्तीने किंचित गती गमावूनही कंपायलर दुसऱ्या कामास लावत असलेले ते रजिस्टर पुन्हा साखळीच्या दुव्यासाठी राखून ठेवले, उबुंटूनेही पुढच्या वर्षी तोच मार्ग धरला. तथापि हाताने लिहिलेल्या असेंब्लीत साखळी आजही तुटते, आणि 'अननोन'चा रकाना काही रिकामा झालेला नाही.