नरखेडचे संत्रे आणि साखळी दुकानाची फळी

मार्च महिन्यात आमच्या भागातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते. परीक्षक म्हणून मी गेलो होतो. प्रदर्शन पाहून झाल्यावर नववीतील एका मुलीने मला विचारले, ‘‘सर, आमच्या बगीच्यात मृग बहाराची संत्री झाडांना लागलेली आहेत. पण नागपूरच्या मोठ्या दुकानात गेलो, तर तिथे इजिप्तची संत्री मांडलेली! नरखेड तिथून दोन तासांवर, आणि इजिप्त समुद्रापलीकडे. असं कसं?’’

प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरात व्यापार आहे, वनस्पतिशास्त्र आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकातील भौतिकशास्त्रही आहे. चला, एकेक धागा उलगडून पाहू.

दुकान बदलले, फळाची परीक्षाही बदलली

पूर्वी जगभर किराणा दुकानाची रीत एकच होती. गिऱ्हाईक बाहेर उभे राही आणि दुकानदार आतून जिन्नस काढून देई. सप्टेंबर १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले. तेथे गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच आत फिरायचे, हवा तो माल उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे. या पद्धतीची एकसारखी अनेक दुकाने निघाली. अशा दुकानांना आपण साखळी दुकाने म्हणतो.

महाराष्ट्रातही अशी दुकाने रुजली. मुंबईत नायगाव येथे १९४८ साली सहकारी तत्त्वावर सुरू झालेल्या संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या ‘वारणा बाजार’ने ही पद्धत ग्रामीण भागात नेली. २००२ साली पवईला ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान निघाले.

आता आठवडी बाजाराशी तुलना करा. बाजारात विकणारी बाई सांगते, ‘‘घ्या भाऊ, आज सकाळीच तोडली.’’ फळाची साक्ष द्यायला माणूस हजर असतो. साखळी दुकानाच्या फळीवर फळाला स्वतःच स्वतःची साक्ष द्यावी लागते. साल सुरकुतली की हात पुढे जात नाही. शिवाय फळी रोज भरलेली हवी, आणि फळेही सारख्या आकाराची हवीत. म्हणजे तोडलेले संत्रे बरेच दिवस ताजे टिकले पाहिजे. आपले संत्रे अडते ते येथेच.

तोडलेले फळ जिवंत असते

तोडल्यानंतरही फळाचा श्वासोच्छ्वास चालू असतो. हवेतील ऑक्सिजन घेऊन ते आपल्यातील साखर व आम्ले यांचे ज्वलन करते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडते. आंबा किंवा केळे तोडल्यावर पिकते. संत्रे तसे पिकत नाही. झाडावरून उतरले, त्या क्षणी त्याची गोडी ठरून गेलेली असते. पुढे जे काही घडते, ती घटच.

यातील सर्वांत मोठी घट पाण्याची. सालीखालील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. बाहेरची हवा कोरडी असली, की बाष्प सालीतील सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते. आतील व बाहेरील बाष्पदाबांत जितका फरक जास्त, तितका बाहेर पडण्याचा वेग जास्त. वजनातील सुमारे पाच टक्के पाणी गेले, की बहुतेक फळे कोमेजलेली दिसू लागतात.

आकडे काय सांगतात?

मार्चमधील दुपार घ्या. तापमान ३५ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ३० टक्के. ३५ अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटरइतका असतो. बाहेरच्या हवेत त्याच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे १२·६ मिलिमीटर. फरक झाला २९·४ मिलिमीटर.

आता तेच संत्रे ७ अंश तापमानाच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या शीतगृहात ठेवा. ७ अंशांना संपृक्त बाष्पदाब केवळ ७·५ मिलिमीटर असतो. त्याचे ९० टक्के म्हणजे ६·७५. फरक उरला ०·७५ मिलिमीटर.

२९·४ ला ०·७५ ने भागा. उत्तर सुमारे ३९ येते. इतर गोष्टी सारख्या असतील, तर दुपारच्या उन्हाळी हवेत फळ शीतगृहापेक्षा जवळजवळ चाळीसपट वेगाने सुकेल! रात्री हवा गार होते, त्यामुळे दिवसाची सरासरी एवढी नसते. तरी तफावत मोठीच राहते.

हा हिशेब शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. समजा, एक टन संत्र्यांचे वजन विक्रीपर्यंत आठ टक्क्यांनी घटले. म्हणजे ८० किलो माल हवेत उडून गेला. बगीचा उक्ता घेणारा व्यापारी ही घट आणि सडीची भीती आधीच मनात धरून भाव बोलतो. भाव ठरण्याची इतरही कारणे असतात. परंतु हे एक कारण असे आहे, की ते आपल्याला मोजता येते आणि कमीही करता येते.

मेणाचा पातळ थर

संत्र्याच्या सालीवर निसर्गतःच मेणाचा अतिशय पातळ थर असतो. धूळ काढण्यासाठी फळ धुऊन ब्रशाने घासले, की तो काही प्रमाणात निघून जातो. म्हणून प्रतवारी केंद्रात फळ धुऊन, वाळवून त्यावर खाण्यास योग्य अशा मेणाचा थर देतात. फळाला चकाकी येते, पण खरा उद्देश बाष्पाची वाट अरुंद करण्याचा असतो. हा थर फार जाड मात्र चालत नाही. ऑक्सिजन आत शिरला नाही, तर फळ गुदमरते आणि त्याला आंबूस वास येतो.

आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सोलायला ती सोपी, म्हणूनच आपल्याला आवडते. पण ती दाबली जाते आणि चटकन फाटते. फळ ओढून तोडले, की देठाजवळ साल फाटते आणि तेथून हिरवी बुरशी आत शिरते. कात्रीने देठाची टिकली ठेवून तोडलेले फळ त्यामुळे अधिक टिकते. परदेशांतून येणाऱ्या पुष्कळ संत्र्यांची साल गराला घट्ट चिकटलेली असते. त्यांना लांबचा प्रवास सोसतो.

थंडीची साखळी

साखळी दुकानांच्या मागे आणखी एक साखळी असते, ती थंडीची. बागेजवळ फळ गार करायचे, थंड गाडीतून न्यायचे, शीतगृहात ठेवायचे आणि तेथून दुकानात. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश तापमान मानवते. त्याच्या फार खाली गेल्यास सालीवर डाग पडतात.

फळ गार करणे किती खर्चाचे, तेही पाहू. संत्र्याची विशिष्ट उष्णता सुमारे ०·९ धरा. एक टन संत्री ३५ अंशांवरून ७ अंशांवर आणायची, तर १००० × ०·९ × २८ = २५,२०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे ३१५ किलो बर्फ वितळेल इतके हे काम आहे. पहाटे, फळ स्वतःच गार असताना तोडले, तर यातील बराच भाग फुकटात वाचतो!

या साखळीची एक कडी निसटली, तर फायद्याऐवजी तोटा होतो. गार फळ दमट हवेत बाहेर काढले आणि फळाचे तापमान दवबिंदूखाली असले, की त्यावर पाणी साचते आणि बुरशीला आयते निमंत्रण मिळते.

नागपुरात १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. संत्र्याच्या तोडणीनंतरच्या हाताळणीवर तेथे संशोधन होते.

करून पाहा

सारख्या आकाराची चार संत्री घ्या. एक उघडे ठेवा. दुसरे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तिसरे टाचणीने दहा-बारा भोके पाडलेल्या पिशवीत ठेवा. चौथे, मिळाल्यास, फ्रिजमध्ये ठेवा. आठ दिवस रोज ठराविक वेळी शाळेच्या तराजूवर वजन करा आणि दिवस व वजन यांचा आलेख काढा. बंद पिशवीतील संत्र्याचे वजन फारसे घटणार नाही; पण पिशवीत आतून पाण्याचे थेंब दिसतील. ते फळ अखेरीस कसे होते, याची नोंद अवश्य ठेवा. शिक्षकांनी वर्गाचे चार गट पाडले, तर प्रयोग अधिक चांगला होईल.

त्या मुलीला मी हेच सांगितले. इजिप्तचे संत्रे गोडीच्या जोरावर त्या फळीवर बसलेले नाही. तोडल्यापासून त्याची उष्णता आणि ओल सांभाळली गेली, म्हणून ते तेथवर पोहोचले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘मग सर, बाबांना सांगते, या वेळी पहाटे तोडू, आणि कात्रीनं.’’

सुरुवात यापेक्षा चांगली कोणती असणार!